नवरात्रीत शिरलेली धूळ उत्तरायणाला का दिसते : अपर्चर आणि सेन्सरवरचे डाग

दरवर्षी १४ जानेवारीचं उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण, उलटलं की बडोद्यातल्या फोटो काढणाऱ्या मंडळींत एक तक्रार हमखास ऐकू येते. निळ्याशार आभाळात, पतंगाच्या शेजारी, राखाडी गोल डाग. कॅमेरा तोच, लेन्सही तीच, आणि नवरात्रीत काढलेल्या गरब्याच्या फोटोंत असा एकही डाग नव्हता. मग हे आले कधी?

बहुतेक वेळा ते नवरात्रीतच आलेले असतात. गरब्याच्या मैदानात हजारो पावलांनी उडवलेली माती, त्यात घाईघाईने बदललेली लेन्स, एवढं पुरतं. पण रात्रीच्या प्रकाशात आपण अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, मोठं ठेवून एफ/१.८ किंवा एफ/२.८ वर काम करतो आणि तिथे ती धूळ दिसत नाही. उत्तरायणाला भर उन्हात तोच कॅमेरा एफ/११ किंवा एफ/१६ वर जातो (आकडा मोठा, भोक लहान), समोर आभाळाचा कोरा पडदा असतो, आणि तीन महिने सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, बसून असलेला कण उघडा पडतो.

सेन्सरवर धूळ कायमच थोडीफार असते. ती कोणत्या अपर्चरला दिसू लागते आणि आपण कोणत्या अपर्चरला काम करतो, या दोन गोष्टी ठाऊक असल्या की साफसफाईचे निम्मे निर्णय आपोआप होतात. म्हणून स्वॉब (सेन्सर पुसायची पट्टी) हातात घेण्याआधी प्रकाशाचा हिशोब समजून घेऊ.

डाग म्हणजे कणाची सावली

धूळ प्रत्यक्ष पिक्सेलवर बसत नाही. पिक्सेलच्या समोर फिल्टरच्या काचा असतात आणि कण त्यातल्या सर्वांत बाहेरच्या काचेवर बसतो. तिथून पिक्सेलपर्यंत थोडंसं अंतर असतं. कॅमेऱ्यागणिक ते बदलतं, पण हिशोबापुरतं आपण २ मिलिमीटर धरू. फोटोत दिसतो तो कण नव्हे, या अंतरावरून पिक्सेलवर पडलेली त्याची सावली.

एक प्रयोग घरीच करून पाहा. लांब ट्यूबलाइटखाली, टेबलापासून वीतभर उंचीवर, ट्यूबला आडवी अशी पेन्सिल धरा. सावली इतकी पुसट पडते की शोधावी लागते. आता ट्यूब बंद करून मोबाइलचा टॉर्च वरून धरा. तीच पेन्सिल, तेवढीच उंची, पण सावली ठसठशीत. दिवा जितका पसरट तितकी सावली विरते, जितका लहान तितकी ती धारदार होते. सेन्सरच्या दृष्टीने अपर्चरचं भोक हाच दिवा असतो. एफ/२.८ म्हणजे पसरट दिवा, एफ/२२ म्हणजे बारीक.

आता आकडे. प्रत्येक पिक्सेलकडे प्रकाश शंकूच्या आकारात येतो. काचेपाशी त्या शंकूची रुंदी म्हणजे अंतर भागिले एफ क्रमांक. २ मिलिमीटर अंतर धरलं तर एफ/२.८ ला हा शंकू सुमारे ०.७ मिलिमीटर रुंद, एफ/८ ला ०.२५, एफ/१६ ला ०.१२५ आणि एफ/२२ ला जेमतेम ०.०९ मिलिमीटर.

या शंकूच्या वाटेत ०.०५ मिलिमीटरचा कण आला असं समजा. एफ/२.८ ला तो अर्धा टक्का प्रकाश अडवतो, म्हणजे कोणाच्याही डोळ्याला काही कळणार नाही. एफ/५.६ ला सुमारे २ टक्के, एफ/८ ला ४, एफ/११ ला ८, एफ/१६ ला १६ आणि एफ/२२ ला जवळजवळ ३१ टक्के. एकेक स्टॉप (प्रकाश निम्मा करणारी पायरी) बंद करत गेलं की डागाचा काळेपणा दुप्पट होत जातो. एफ/२.८ ते एफ/१६ हे पाच स्टॉप, म्हणजे बत्तीस पट.

त्याच वेळी डाग आकसतो. ३६ मिलिमीटर रुंद, २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर वरच्याच कणाची सावली एफ/२.८ ला सव्वाशे पिक्सेल पसरलेली असते आणि एफ/१६ ला तीसेक पिक्सेलची. मोठा, पुसट डाग डोळा सोडून देतो, लहान आणि गडद डाग पकडतो. म्हणून एफ/१६ वरून एफ/८ वर आल्यावर डाग ‘गेले’ असं वाटतं. ते तिथेच असतात, फक्त पसरून फिके झालेले असतात.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण त्यांवरून बरेच गैरसमज होतात. एक, डागाच्या आकाराशी फोकल लेन्थचा थेट संबंध नाही. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/११ ला असो की २०० मिलिमीटरची, शंकू तेवढाच असतो. लांब लेन्सवर डाग जास्त जाणवतात, कारण मागचा भाग सपाट आणि धूसर होतो. दुसरी गोष्ट मॅक्रोची. वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी, म्हणजे एकास एक प्रमाणात पडत असेल तर खरा एफ क्रमांक दुप्पट होतो. अनेक कॅमेरे पडद्यावर एफ/११ दाखवत राहतात, पण धुळीच्या हिशोबाने तो एफ/२२ असतो. मांडवीतल्या एखाद्या पेढीसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवर दागिन्यांचे फोटो काढणाऱ्याला सेन्सर सर्वांत स्वच्छ लागतो. लँडस्केपवाल्यापेक्षाही जास्त.

आधी खात्री करा की डाग सेन्सरवरचाच आहे

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा काळा ठिपका बहुधा आरशावर किंवा फोकसिंग स्क्रीनवर असतो. फोटोत तो येत नाही, त्याची काळजी सोडा. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण फोकसपासून इतका दूर असतो की त्याचा धारदार डाग पडत नाही. सूर्य समोर असेल तर मात्र तो चकाकतो आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट खातो. अगदी रुंद लेन्स एफ/१६ च्या पुढे नेली, तर क्वचित पुसट आकार दिसू शकतो.

शंका असेल तर लेन्स बदला आणि त्याच अपर्चरला पुन्हा फोटो घ्या. डाग जवळपास त्याच जागी राहिला तर तो सेन्सरचा. ‘जवळपास’ म्हणतो, कारण वेगवेगळ्या लेन्सचा प्रकाश सेन्सरच्या कडांवर वेगवेगळ्या कोनांतून येतो. मध्यावरचे डाग हलत नाहीत, कोपऱ्यातले थोडे सरकतात.

चाचणी : एका फोटोत सेन्सरचा नकाशा

ही चाचणी दिवाळीच्या आसपास एकदा, उत्तरायणाच्या आठवडाभर आधी एकदा आणि कोणत्याही मोठ्या कामाआधी करावी. पाच मिनिटं लागतात.

५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स लावा. मोड अपर्चर प्रायॉरिटी, आयएसओ सर्वांत कमी, अपर्चर एफ/२२ किंवा लेन्स जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत. फोकस मॅन्युअल करून अनंतावर न्या. संगणकाच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा आणि लेन्स त्याच्यापासून वीतभर अंतरावर धरा. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, नाहीतर कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो. एवढं बंद अपर्चर आणि कमी आयएसओ म्हणजे शटर बराच वेळ उघडा राहणार. तेवढ्या वेळात कॅमेरा हळूहळू गोल फिरवत राहा. स्थिर धरायचा नाही, मुद्दाम हलवायचा. पडद्यावरचे पिक्सेल, काचेवरचे बोटांचे ठसे, सगळं त्यात विरून जातं. कॅमेऱ्याबरोबर हलणारी धूळ तेवढी धारदार राहते.

पडद्याऐवजी निरभ्र आभाळही चालतं. सूर्याकडे पाठ करा आणि आभाळाचा एकसारखा भाग निवडा.

फोटो संगणकावर उघडून कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. लाइटरूममध्ये डाग काढण्याच्या साधनाखाली ‘व्हिज्युअलाइझ स्पॉट्स’ आहे, तो सुरू केला की काळ्यावर पांढरे ठिपके उमटतात. गिंपमध्ये लेव्हल्स ताणून तेच साधतं. मग शंभर टक्के आकारात, एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीओळीने पाहत जा.

एफ/२२ चा हा फोटो पाहून घाबरून जाण्याची मुळीच गरज नाही. हा सर्वांत कठोर पंच आहे. ०.०२ मिलिमीटरचा, एफ/८ ला अर्ध्या-पाऊण टक्क्यावर बसलेला कणही तो दाखवणार. म्हणून लगेच तसाच दुसरा फोटो घ्या, पण तुम्ही नेहमी ज्या सर्वांत बंद अपर्चरवर काम करता त्यावर. लग्नं आणि गरबा करणाऱ्याने एफ/५.६, वास्तू आणि निसर्ग टिपणाऱ्याने एफ/११. निर्णय या दुसऱ्या फोटोवरून घ्यायचा. एफ/२२ ला दहा ठिपके आणि एफ/११ ला एकही नाही, असं असेल तर सेन्सरला हात लावू नका. प्रत्येक ओल्या सफाईत थोडी जोखीम असते, ती कारणाशिवाय कशाला घ्यायची?

डाग दिसलेच तर जागा टिपून ठेवा. कॅमेरा सरळ धरून, लेन्स काढून, समोरून सेन्सरकडे पाहिलं की फोटोतलं वर-खाली उलटं होतं, डावं-उजवं तसंच राहतं. फोटोत वर डावीकडे, म्हणजे आभाळात दिसलेला कण सेन्सरवर खाली डावीकडे शोधायचा.

कोणत्या फोटोला किती अपर्चर

माझं ठाम मत आहे की बडोद्यातले निम्मे तरी डाग अपर्चर विनाकारण बंद केल्यामुळे दिसतात. ‘लांबचं सगळं शार्प हवं तर एफ/१६’ हे इतकं घोटलं गेलंय की कोणी हिशोब करत नाही.

लक्ष्मी विलास पॅलेस घ्या. फुलफ्रेमवर २४ मिलिमीटरची लेन्स, एफ/८, फोकस सुमारे २.४ मीटरवर, की सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं फोकसमध्ये. फुलफ्रेमपेक्षा लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर १६ मिलिमीटरला फोकस १.६ मीटरवर ठेवला की ८० सेंटिमीटरपासून पुढे सगळं. समोरची हिरवळ, कमानी, मनोरा, सारं त्यात बसतं. एफ/१६ ला जाऊन मिळतं काय? डाग चौपट गडद होतात, आणि वर डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं. हिरव्या प्रकाशात एका बिंदूचा ठिपका एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉनचा असतो, एफ/१६ ला २१ मायक्रॉनचा. ६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर हा फरक नक्षीकामाच्या कडांवर स्पष्ट कळतो. त्या नक्षीत धुळीचे डाग लपून जातात हे खरं, पण वरच्या आभाळात ते लपत नाहीत.

पतंगांसाठी २०० मिलिमीटर लेन्स फुलफ्रेमवर एफ/५.६ ला ठेवून ५० मीटरवरच्या पतंगावर फोकस केला तर ४१ ते ६३ मीटर शार्प राहतं. पेच दोन पतंगांचा असतो आणि ते एकमेकांजवळच असतात, तेवढं पुरतं. फार तर एफ/८. लख्ख उन्हात आयएसओ २००, एफ/८, १/८०० हे एक्स्पोजर बसतं. सकाळी धुरकट असेल तर हिस्टोग्राम पाहून थोडं खोला. एफ/११ च्या पुढे जाण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

जिथे एफ/१६ खरोखर हवा असतो त्या जागा मोजक्या. मनोऱ्याच्या कडेला सूर्य ठेवून त्याच्या टोकदार किरणांचा तारा हवा असेल तर अपर्चर बंद करावंच लागतं. मॅक्रोत फोकसची खोली लागते. तिथे ते खुशाल वापरा, पण त्या कामाआधी सेन्सर साफ ठेवा.

पावसाळ्यात पावागडावर ढग वाहताना दाखवायचे म्हणून शटर लांबवायला एफ/२२ करणं ही तर नेहमीची चूक. त्यासाठी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) घ्या. व्हिडिओत हे जास्तच जपायला हवं. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/५० शटरला एफ/२२ लागतो. कॅमेरा पॅन होताना दृश्य सरकतं आणि डाग जागच्या जागी राहतो, त्यामुळे तो लगेच डोळ्यात भरतो. व्हिडिओतून तो काढणं फोटोपेक्षा कितीतरी किचकट. पाच स्टॉपचा एनडी ३२ लावला की तोच शॉट एफ/४ ला निघतो आणि धूळ दिसतच नाही.

सफाई, सोप्याकडून अवघडाकडे

सुरुवात कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेन्सर क्लीनिंगने. सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झटकण्याची सोय २००३ मध्ये ऑलिंपसच्या ई-१ मध्ये पहिल्यांदा आली, आता ती बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती चालवताना कॅमेरा टेबलावर तळ टेकवून सरळ ठेवा, म्हणजे झटकलेली धूळ खाली पडते. दोन-चार वेळा चालवून पुन्हा चाचणी घ्या. कोरडे, हलके कण यातच जातात.

मग रबरी ब्लोअर. बॅटरी पूर्ण चार्ज करा, पंखा बंद करा आणि कॅमेरा मेनूतल्या क्लीनिंग मोडमध्ये टाका. डीएसएलआरमध्ये यामुळे आरसा वर जाऊन शटर उघडा राहतो. बल्ब मोड वापरू नका, बोट सुटलं की शटर सफाईच्या सामानावरच मिटेल. मिररलेसमध्ये बंद केल्यावर शटर मिटत असेल, जसा कॅननच्या २०१८ च्या ईओएस आर मध्ये मिटतो, तर त्या पात्यांवर हवा मारू नका. ती नाजूक असतात. आधी ब्लोअर बाहेरच चार-पाच वेळा दाबा, त्याच्या पोटातली धूळ निघू द्या. मग कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून, नळी माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत न नेता, पाच-सहा जोरदार फुंका मारा. लगेच लेन्स लावून चाचणी.

तोंडाने कधीही फुंकू नका. थुंकीचा एक तुषार पडला की कोरड्या धुळीचं काम ओल्या डागाचं होऊन बसतं. दाबलेल्या हवेचा डबाही नको, त्यातून द्रव उडून काचेवर थर बसतो. कान साफ करायच्या काड्या, रुमाल आणि चष्म्याचा स्प्रे यांना तर सेन्सरजवळ फिरकूही देऊ नका.

ब्लोअरला दाद न देणारे डाग दोन प्रकारचे. एक, पावसाळ्याच्या दमटपणात चिकटून वाळलेली धूळ. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात पडून राहिला की बडोद्यात हे हटकून होतं. दुसरे, वंगणाचे थेंब, जे बहुधा जास्त गोल दिसतात. यांना ओला स्वॉबच लागतो.

स्वॉब सेन्सरच्या उंचीइतका रुंद घ्यायचा : फुलफ्रेमला २४ मिलिमीटर, एपीएस-सीला १६. द्रव सेन्सरसाठीचाच हवा. यातले काही मिथेनॉलचे असतात आणि चटकन पेट घेतात, म्हणून देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसपासून दूर बसा. स्वॉबच्या कडेवर एक-दोन थेंब टाका आणि ते मुरेपर्यंत काही सेकंद थांबा. टपकेल इतका ओला केलात तर वाळताना कडेला वळ उठतात. आता सेन्सरच्या एका टोकाला स्वॉब किंचित तिरका टेकवा आणि हलक्या, एकसारख्या दाबाने दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात न्या. मध्ये थांबायचं नाही, मागेपुढे घासायचं नाही. स्वॉब उलटवा, कोऱ्या बाजूने परत या. झाला तो स्वॉब, टाकून द्या. पैसे वाचवण्यासाठी तोच पुन्हा फिरवला तर पहिल्या फेरीत उचललेला वाळूचा कण दुसऱ्या फेरीत काच ओरखडतो. आणि ओल्याआधी ब्लोअर मारणं चुकवू नका, कारण तेच.

ज्या बॉडीत सेन्सर स्वतः हलून स्थिर राहतो, तिथे दाब आणखी हलका ठेवा आणि क्लीनिंग मोडमध्ये सेन्सर जखडला जातो का, ते माहितीपुस्तिकेत आधी वाचा.

दोन स्वॉब झाल्यावर पुन्हा चाचणी. कामाच्या अपर्चरला फोटो स्वच्छ आला की थांबा, एफ/२२ वर उरलेल्या दोन ठिपक्यांच्या मागे लागू नका. डाग जागचा हलतच नसेल, किंवा बारीक रेघ दिसत असेल, तर तो ओरखडा असू शकतो. असा कॅमेरा अधिकृत सेवा केंद्रात द्यावा.

धूळ आत जाऊ न देणं

पतंगाला चांगला वारा ज्या दिवशी, लेन्स बदलायला वाईट दिवस तोच. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, चढण्याआधी लेन्स ठरवून जा. बदलायचीच असेल तर जिन्यात उतरा, कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, नवी लेन्स झाकण सैल करून हाताशी ठेवा. गरब्याच्या मैदानात तर अजिबात नको. दोन बॉडी नसतील तर २४-७० सारखी एक झूम लावून रात्र काढा.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी जागा म्हणजे लेन्सचं मागचं झाकण. खिशात, बॅगेच्या तळाशी ते धूळ गोळा करतं आणि मग तीच लेन्सच्या मागच्या काचेवरून बॉडीत उतरते. नवरात्र संपली की झाकणं धुऊन, वाळवून ठेवा आणि बॅग उलटी करून झटका, जमल्यास व्हॅक्यूमने साफ करा.

काढून झालेल्या फोटोंचं काय

एका फोटोतले डाग लाइटरूममध्ये काढून तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंवर एकदम चढवता येते, कारण डागांच्या जागा त्याच असतात. फक्त तो संच एकाच लेन्सचा आणि साधारण एकाच अपर्चरचा असावा. एफ/१६ च्या डागापुरतं काढलेलं लहान वर्तुळ एफ/८ च्या पसरट डागाला पुरत नाही. कॅननमध्ये ‘डस्ट डिलीट डेटा’ आणि निकॉनमध्ये ‘इमेज डस्ट ऑफ रेफ फोटो’ अशी सोय अनेक मॉडेलांत आहे : पांढऱ्या वस्तूचा संदर्भ फोटो घेऊन ठेवायचा आणि त्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर डाग शोधून पुसतं. संदर्भ फोटो सफाईच्या आधी घेतलेला असेल तर तो सफाईनंतरच्या फोटोंना लावू नका.

पतंगांच्या फोटोंत एकदम चढवलेली दुरुस्ती एकेक करून तपासावीच लागते. डागाच्या जागी एखाद्या फोटोत मांजा आलेला असतो आणि सॉफ्टवेअर त्यावर आभाळाचं ठिगळ लावून दोर मधेच तोडतं. अशा फोटोत ते वर्तुळ काढून टाका, शक्य तितका बारीक ब्रश घ्या आणि मांजाच्या दोन्ही बाजूंचं आभाळ वेगवेगळं दुरुस्त करा.